तिन्हीकडून भरणारी बॅटरी

गाडीची बॅटरी पुरते का, असं लवू ड्रायव्हरला कुणी विचारलं की तो तीन बोटं नाचवायचा. इंजिन चाललं की डायनॅमो भरतो, अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत गेलं की विजेवरचा चार्जर भरतो, आणि टपावर मुंबईच्या कुणा दात्याने दिलेला, उन्हावर वीज करणारा सोलरचा पत्रा. तिन्हीच्या तारा त्याने स्वतः एकाच बॅटरीला जोडल्या होत्या. "संपायला जागाच नाय," म्हणायचा. गडी हुशार खरा, पण हुशारी डोक्यात गेली होती.

गाडी म्हणजे एका संस्थेचा फिरता दवाखाना. औषधं, खाट, स्टोव्ह सगळं आत, आणि सोबत नर्स गंगुबाई. पूर्वी लवू रोज सकाळी काचेची नळी घालून बॅटरीचं ॲसिड तपासायचा आणि गाडी उतारावर, तोंड खाली करून लावायचा. स्टार्टरने दगा दिला तर ढकलून चालू व्हावी म्हणून. पत्रा आल्यापासून नळी सुटली, उतारही सुटला. उतारावर झाडांची सावली, पत्र्याला हवं ऊन. म्हणून या डोंगरातल्या वाडीत त्याने गाडी शाळेच्या खोलगट पटांगणात उतरवली.

गणपतीचे दिवस. वाडीत वीज नव्हती. समोरच्या घरातला भागोजी आला.

"लवूदा, मखराला बत्ती द्या की. घरवालीचे, मैनाचे दिवस भरलेत, तिला कुठं जाता येत नाय. घरातच जरा उजेड बघू दे."

लवूने ऐटीत लांब वायर टाकली. तीन दिवस मखर झगमगलं, भजनाचा कर्णाही त्याच बॅटरीवर वाजला. गाडी हलली नाही, म्हणजे डायनॅमो बंद. कॉलनी लांब, म्हणजे चार्जर बंद. उरलं भादव्यातलं लपंडाव खेळणारं ऊन.

चौथ्या दिवशी दुपारी मैनाला कळा आल्या, आणि रक्त जायला लागलं ते थांबेना.

"लवू, चिपळूण गाठायचं. आत्ताच्या आत्ता," गंगुबाई म्हणाल्या.

मैनाला खाटेवर घेतलं. लवूने बॅटरीच्या काट्याकडे पाहिलं. ऊन पडलं होतं, काटा हिरव्यावर होता. त्याने किल्ली फिरवली. खट् झालं आणि काटा तळाला गेला. तेव्हा कुठे त्याच्या टाळक्यात शिरलं, की काटा दाखवत होता तो उन्हाचा जोर. बॅटरीच्या पोटात काहीच नव्हतं.

सणाला आलेले चाकरमानी धावले. पंचवीस जणांनी चिखलातून ढकलत गाडी वर रस्त्यावर चढवली. त्यात अर्धा तास गेला. आत मैना आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग तिचा आवाज येईना. उतारावर इंजिन लागलं आणि लवूने वळणांची पर्वा न करता गाडी पळवली.

चिपळूणच्या दवाखान्यात मूल वाचलं, मैना गेली. अर्धा तास आधी आली असती तर वाचली असती, एवढंच डॉक्टर गंगुबाईंना म्हणाले. ते भागोजीने ऐकलं.

"लवूदा," त्याने जवळ येऊन विचारलं, "गाडीला काय झाला हुता?"

खरं सांगितलं असतं, तर मखरातला उजेड भागोजीला जन्मभर जाळत राहिला असता. लवूने मनाला तसं समजावलंही. पण ते निमित्त होतं. त्याला भीती वाटत होती ती स्वतःसाठी, आणि लाजही स्वतःचीच.

"बॅटरी जुनी हाय," तो म्हणाला.

भागोजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुमी तरी काय करणार? जीव तोडून गाडी हाणलीत."

तो हात लवूला सोसवेना, आणि बाजूला करायची हिंमतही त्याला झाली नाही.