फळ्यावरच्या ओळीची चौकशी

“‘बसतो’ म्हणजे काय?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

“बूड टेकतो, साहेब,” कडुबा म्हणाला.

“दुसरा अर्थ?”

“दुसरा ज्याला झोंबला त्याला इचारा.”

समोर बसलेला एचआर मॅनेजर विश्वजीत हसला नाही. त्याला हसण्याचा पगार नव्हता.

चितेगावच्या त्या कारखान्यात टाइम ऑफिसबाहेर एक फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचा नियम होता. एकोणीस वर्षांपूर्वी सुविचारांची वही हरवली आणि टाइम ऑफिसचा कारकून कडुबा सांडू याने मनानेच एक ओळ खरडली : ‘वेळेवर या. वेळ आली की जायचंच आहे.’ लोक ती वाचत, दोन पावलं पुढे जात आणि मग मागे वळून हसत. तेव्हापासून कारखान्यातले सुविचार बंद पडले. त्यामुळे कुणी बिघडल्याचं ऐकिवात नाही.

यंदा नवे प्लांट हेड आले. दोन महिन्यांत दोन मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या. त्या शुक्रवारी फळ्यावर होतं : ‘साहेब आले की सगळे उभे राहतात. बसतो तो फक्त धंदा.’ प्लांट हेडनी ते वाचलं, मोकळेपणाने हसले, केबिनमध्ये गेले आणि पाऊण तासाने रागावले. दुसऱ्या दिवशी आरोपपत्र निघालं. द्व्यर्थी मजकुराद्वारे वरिष्ठांचा उपमर्द. सिद्ध झाल्यास बडतर्फी. कडुबाच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

चौकशी अधिकारी म्हणून शहरातून एक निवृत्त वकील बोलावले होते. विनोदाशी त्यांचं वैर नव्हतं, ओळखच नव्हती. त्यांनी कँटीनमधल्या सरूबाईला साक्षीला बोलावलं.

“फळा वाचून तुम्ही हसलात?”

“हासले की. नव्हतं हासायचं का?”

“पहिल्या अर्थाला हसलात की दुसऱ्या?”

सरूबाईने पदर सारखा केला. “पयल्याला कोन हासतंय? अन् नुसत्या दुसऱ्याला तर रडू येतं, साहेब. दोगं एकदमच दारात घुसले अन् आडकले, तवा हसू आलं.”

“लिहा,” अधिकारी टायपिस्टला म्हणाले, “साक्षीदारास दोन्ही अर्थ दारात अडकलेले दिसले.”

चहाच्या सुट्टीत पुंजारामने कडुबाला शेडमागे ओढलं. पुंजाराम मशीन शॉपमधला. चौकशीत कडुबाची बाजू मांडायला तोच उभा होता, आणि आता त्याला त्याचा पश्चात्ताप होत होता.

“विश्वजीत साहेबानं कागद देलाय. त्यात लिव्हलंय, ओळ व्हाट्सअ‍ॅपवर आली, मी फळ्यावर उतरवली, दुसरा अर्थ मला कळला नाय. एवढ्याखाली सही कर. ताकीद देऊन सोडतेत.”

“व्हाट्सअ‍ॅपवर कुनी टाकली?”

“कोन का टाकंना!”

“नाय, पण टाकली कुनी?”

“डोकं नको फिरवू, कडुबा! दोन रजा गेल्या माझ्या तुझ्यापायी. अकरा महिने मुकाट काढ अन् जा गावाकडं, देवगावला. तिथं भिंती लिव्हून भर.”

“ती माझी हाय.”

“आमाला म्हाईत हाय की. फक्त कागदावर नको.”

“मंग कुठं?” कडुबा म्हणाला.

खोलीत परतल्यावर विश्वजीतने तो कागद पुढे सरकवला. त्यावर पेनही ठेवलं. “काका, तसाही तो जोक ओरिजिनल नाहीये. मी कॉलेजात ऐकलाय. उगाच स्वतःच्या अंगावर कशाला घेताय?”

कडुबाला रागावलेलं कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं.

“कंच्या कॉलेजात?”

“मुद्दा तो नाही.”

“तोच हाय! तीन दिस लागले मला. आधी ‘धंदा फक्त बसतो’ लिव्हलं व्हतं. लई मेंगळट. बसतो आधी आलं की मानूस इचारात पडतो, आता काय बसलं बाबा. तितंच त्याला धरायचा असतो.” तो अधिकाऱ्यांकडे वळला. “लिव्हा साहेब. ओळ माझीच. दोन्ही अर्थ मला ठावूक व्हते. दुसऱ्यासाठीच पयला ठेवला.”

“मेला,” पुंजाराम पुटपुटला आणि त्याने फाइल मिटली.

“हा कबुलीजबाब होतो. समजतंय ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“व्हय.”

टायपिस्टने कागद काढला. कडुबाने सावकाश वाचला, अगदी ओळीवर बोट फिरवत.

“छोटी सही चालेल,” अधिकारी म्हणाले.

“नाय, पुरी करतो.”

फळ्यावर नाव टाकायची पद्धत नव्हती. संध्याकाळी ओलं फडकं फिरलं की ओळ संपायची. कडुबाने दाबून लिहिलं : कडुबा कृष्णा सांडू, राहणार देवगाव रंगारी, तालुका कन्नड. तालुक्यापाशी पेन उमटेना, तर त्याने ते शब्द पुन्हा गिरवले.

“झालं?” विश्वजीतने कागद ओढला.

“याची एक झेरॉक्स लागंल.”

“कशाला? बडतर्फीचं पत्र येईलच घरी.”

“ते तुमचं लिव्हलेलं आसंल,” कडुबा म्हणाला.

पाचच्या कंपनी बसमध्ये पुंजारामने शेजारच्या सीटवर स्वतःची पिशवी ठेवली आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाकी सगळ्या जागा भरलेल्या होत्या. कडुबा मधल्या वाटेत उभा राहिला. पैठण रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तो हेलपाटत होता. पण झेरॉक्सच्या कागदाला घडी पडू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता, आणि वरचा दांडा पकडायला हात उरला नव्हता.