पेग म्हातारीचे हेझलनट

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून निम्मं गाव मॅलकीच्या घरात घुसलं होतं. चुलीपुढे पेग म्हातारी पाइप ओढत बसली होती. मॅलकीच्या धाकटीचं, ॲबीचं, दॉनलशी जमलं होतं. दोघांचा जीव एकमेकांवर. पण आमच्याकडे पेगचा कौल असल्याशिवाय लग्न होत नाही. मंगळवारनंतर उपासाचे चाळीस दिवस, तेव्हा लग्नं बंदच. दॉनल बाद झाला तर विधुर टाइग मंगळवारीच बोहल्यावर चढायला तयार होता. नाताळापासून त्याच्याकडची बदकं आणि व्हिस्की पेगच्या घरी जात होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी सगळे हात जोडून बसलेले.

पेगने दोन हेझलनट निखाऱ्यांवर ठेवले. एक ॲबीचा, एक दॉनलचा. शांत जळले तर सुखाचा संसार. एखादा उडाला तर वर्षाच्या आत घरातून प्रेत निघणार. "मी नाही हो सांगत," ती म्हणाली, "चूल सांगते." चूल सांगते म्हणे!

दॉनलचा नट फटकन उडून राखेत पडला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. ॲबी पांढरीफटक पडली आणि मॅलकी खालमानेने म्हणाला, टाइगला निरोप धाडा. मला शिसारी आली. म्हातारीची आलीच, पण माना डोलावणाऱ्या त्या शहाण्यांची जास्त आली.

ॲबीचा नट पेगच्या उजव्या खिशातून निघाला होता, दॉनलचा डाव्या. मी पुढे झालो.

"पेगआजी, आता माझा आणि माझ्या बायकोचा बघा. दोन्ही डाव्या खिशातले द्या."

"असं चालत नसतं, मास्तर."

"का बरं? सांगते तर चूल ना?"

लोक हसले, तिला द्यावेच लागले. दोन्ही नट फाडफाड उडाले. बावीस वर्षं माझ्याशी संसार केलेली बायको समोरच बसली होती. मग उजव्या खिशातले दोन ठेवले, ते निमूट जळले. त्याच खिशातला तिसरा मी सगळ्यांना दाखवला. त्याला सुईने भोक पाडलेलं होतं. भोकातून आतली वाफ निघून जाते. भोक नसलं की ती कोंडते आणि कवच फोडते. संपली दैवी शक्ती.

मॅलकीची थोरली, हॅना, किटली ठेवून पुढे आली. सहा वर्षांपूर्वी याच चुलीत तिचं लग्न मोडलं होतं. तो मुलगा बोटीने अमेरिकेला गेला आणि तिकडेच संसाराला लागला. तिने तो नट उजेडात धरून नीट पाहिला.

"बाबा, माझ्या वेळीही असंच होतं का?"

मॅलकी एवढंच म्हणाला, टाइगकडे कुणी जाऊ नका. पेग शाल गुंडाळून निघून गेली.

मंगळवारी ॲबी आणि दॉनलचं लग्न लागलं. पंगतीत हॅना वाढत होती.

लोकहो, विस्तवाला तुमच्या पोरींची नावं माहीत नसतात. लग्न पोरीचं असेल तर पोरीलाच विचारा. हॅनाला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो.