तांबूचं फुप्फुस

विमलबाईची गाय तांबू पहाटे गेली. दुपारपर्यंत बद्रीनाथने तिला पुरायला खड्डा खणून घेतला, मीठ आणि हिरवं लुगडं आणवलं. तो विमलबाईचा चुलत दीर. धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या आमच्या गावात जनावर खोकलं की त्यालाच बोलावतात. तोंड वर धरून बांबूच्या नळीने तो तेल-हळदीचा काढा घशात ओततो. तांबूला त्याने आठवडाभर पाजला होता.

विमलबाई खड्ड्याच्या काठावर वाट अडवून उभी राहिली. तिच्या दुसऱ्या गाईला, चंद्रीलाही, काल काढा पाजला होता आणि रात्रीपासून ती खोकत होती. घर तिच्याच दुधावर. तांबू कशानं गेली ते कळल्याशिवाय पुरायची नाही, असं सांगून विमलबाईने केजहून डॉक्टर सायलीला बोलावलं. सायलीचा अभ्यास जनावरांच्या न्यूमोनियाचा. फुप्फुस बघावं लागेल, ती म्हणाली.

"वैनी, गाईला सुरी लावली तर गाव तुमच्या दारात पानी प्यायचं न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.

"नका पिऊ. माझी चंद्री जगली म्हंजी झालं."

माणसं पांगली. कापताना तांबूचे पाय धरायला कोणी उरलं नाही, तेव्हा विमलबाईने पदर खोचून स्वतःच धरले. पाण्याची बादली आणायला तिने मला, शेजाऱ्याला, हाक मारली. मी घाबरतच गेलो.

निरोगी फुप्फुस स्पंजासारखं हलकं असतं, पाण्यावर तरंगतं म्हणे. तांबूच्या फुप्फुसाचं खालचं अंग दगडासारखं घट्ट झालं होतं, वर पिवळट जाळी. सायलीने तुकडा बादलीत टाकला. तो बुडाला आणि पाण्यावर तेलाचा हळदी तवंग आला.

काढा श्वासनळीत गेला, त्याच्याबरोबर जंतू गेले, असं तिने सांगितलं. मग रक्तातली प्रथिनं फुप्फुसात झिरपतात आणि विरजण लागल्यासारखी थिजतात. फुप्फुस उघडं ठेवणारी प्रथिनं मात्र घटतात. हवेला जागाच उरत नाही.

मग तिने चंद्रीचं रक्त काचेच्या कुपीत घेऊन त्यात औषध मिसळलं. आजाराची प्रथिनं वाढलेली असली तर हे रक्त लवकर थिजतं. विमलबाई कुपी तिरकी करून बघत राहिली. रक्त बघता बघता थिजलं. चंद्री शांतपणे रवंथ करत होती. अजून सुरुवात आहे, सायली म्हणाली. तिने इंजेक्शन दिलं आणि तोंडात काहीही ओतायचं नाही असं बजावलं.

संध्याकाळी बद्रीनाथ नळी घेऊन गोठ्यात आला. सुईच्या जोडीला काढाही लागतो, पिढ्यानपिढ्या आम्ही पाजत आलोय, असं त्याचं म्हणणं.

विमलबाई दावणीपुढे बसली. "भावजी, तांबूच्या येळी तुमाला ठावं नव्हतं. आता ठावं हाय. आता पाजलं तर ते मारनंच."

"त्या पोरीचं ऐकून हीबी गाय घालवाल."

"घालवीन. पन तुमच्या नळीनं न्हाई."

तो उभाच राहिला. ती उठली नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसलो. मला बघून तो काहीसा चमकला, पण हलला नाही.

मागे चंद्री खोकली.

"खोक, बाई," विमलबाई त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली. "आत हाय ते सारं बाहेर पडू दे. मी हितंच हाय."