खुर्ची पास करणारी पाठ

आमच्या कारखान्यात खुर्ची पास होते ती माझ्या पाठीवर. मणक्याचा संधिवात गेली अकरा वर्षं माझ्याकडे मुक्कामाला आहे, आणि त्यात कारखान्याची सोय आहे हे मालकांनी बरोबर हेरलं. धडधाकट माणूस काय, कुठल्याही खुर्चीत बसतो. मला मात्र पाठीची पट्टी केसभर पुढे आली तरी कळतं. मी बसायचं. 'आई गं' म्हणालो की खुर्ची परत मिस्त्रीकडे, गप्प राहिलो की गाडीत.

दुखणं भडकलं की मालकांना कोण आनंद. सकाळी मी फळी होऊन उठायचो, बायको पायात मोजे चढवायची, आणि मालक कारखान्याच्या दारातच विचारायचे, "आज कसं आहे? वाईट ना?" वाईट म्हटलं की स्वतः चहा आणून द्यायचे.

मग डॉक्टरीणबाईंनी नवं इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी एक. दुसऱ्या महिन्यात मी माझे मोजे माझ्या हातांनी घातले. बायको पलंगावर बसून बघत होती, बघता बघता रडायला लागली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय.

त्या महिन्यात मी दोनशे खुर्च्या पास केल्या आणि सगळ्या गिऱ्हाईकांकडून परत आल्या.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "इंजेक्शन बंद करा असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "मलाही माणुसकी आहे. आठवड्यातून फक्त दोन दिवस दुखवून घ्या. मंगळवार आणि शुक्रवार."

"मालक, ते वार बघून येत नाही."

"मग सोमवारपर्यंत बघा कसं जमतंय. नाहीतर मिस्त्रीचा मेहुणा आहे. त्याची कंबर पार गेलीय म्हणतात."

घरी बायको ठाम होती. "इंजेक्शनला हात लावायचा नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं येत नाही. तुम्ही दुखण्याचं आणा."

आता नेमकं कुठल्या खुर्चीत दुखायचं, हा प्रश्न मिस्त्रीने सोडवला. वाकडी खुर्ची आली की तो कान खाजवायचा. "तुला आधीपासून कळतं?" मी विचारलं. "मीच करतो, मला नाही कळणार? पण मला कधी कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

गाडी रुळावर आली. मी कण्हायचो, डोळे फिरवायचो, एकदा तर खुर्चीवरून घसरलोसुद्धा. मालक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणू लागले. दुखत होतं तेव्हा माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

आणि एका शुक्रवारी, इंजेक्शन चालू असताना, ते खरंच भडकलं. नितंबापासून बरगड्यांपर्यंत आग. पूर्ण श्वास घेता येईना. तसाच कामावर गेलो, कारण मोठं गिऱ्हाईक येणार होतं आणि मेहुणा बाहेर बाकावर येऊन बसला होता.

मी खुर्चीत बसलो. मिस्त्रीने कान खाजवला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना, नुसतं डोळ्यांतून पाणी.

"हे काय?" मालक कानाशी पुटपुटले. "पाहुणे बघतायत. जरा मनापासून करा."

मिस्त्री पुढे आला. "मालक, आज त्याला खरंच होतंय."

"खरं इतकं मिळमिळीत असतं होय?" मालकांनी बाहेरच्या बाकाकडे नजर टाकली.

मग मी दात आवळले, जेवढा मिळाला तेवढा श्वास गोळा केला आणि खऱ्या दुखण्यावर खोटं चढवलं. कमरेवर हात, फिरवलेले डोळे, 'आई गं' अशी की मेहुणा बाकावरून उठून उभा राहिला. गिऱ्हाईकाने मान डोलावली.

"आता कसं," मालक म्हणाले, आणि खूश होऊन माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली. त्या थापेला मात्र मला ओरडताच आलं नाही.