हात लावू नकोस

रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी पिवळट पडली होती आणि मधल्या गोल बटणापाशी दाबून दाबून तिला भोक पडलं होतं — त्या भोकातून रबराचं बटण तेवढं उघडं, गुळगुळीत, वरची अक्षरं केव्हाच पुसलेली — आणि तेच बटण ती सकाळपासून सातव्यांदा दाबत होती. निळा चौकोन मोठा झाला, मधोमध चकती फिरली, फिरली... आणि सगळं काळं. मग पुन्हा ती ॲप्सची ओळ. काही घडलंच नाही असा चेहरा करून.

चार दिवस हेच. एक ॲप उघडतं आणि मिटतं, दुसरं उघडतच नाही, तिसऱ्यात कुणी बाई दार लोटून आत येते आणि तिथेच थिजते, तोंड उघडं ठेवून.

काल मुलाला फोन केला होता. तो दुसऱ्या शहरात. म्हणाला, "आई, तू कशाला हात लावू नकोस. रविवारी येतोय मी, बघतो." आणि मग, सहज बोलल्यासारखं — पण हा मुलगा वाक्य आधी मनात जुळवतो आणि मग बोलतो, लहानपणापासून — "एक टीव्ही सांभाळायचा तर तुझी ही तारांबळ. एकटीनं किती दिवस काढणार? रविवारी तेही ठरवून टाकू."

तेही. म्हणजे या घराला कुलूप, आणि तिची रवानगी त्याच्याकडच्या त्या खोलीत, जिथे इस्त्रीचं टेबल आणि नातवाची जुनी सायकल असते.

हात लावू नकोस... किती वर्षं ऐकले हे शब्द? चौदा महिन्यांपूर्वी नवरा गेला तेव्हा ते थांबले, घरात केवढी शांतता झाली, आणि त्या शांततेला सगळ्यांनी दुःख म्हटलं. तिनंही म्हटलं. दुःख होतंच, नव्हतं कोण म्हणेल. पण...

पण एकतीस वर्षं ती टेलिफोन खात्यात बिघाडाच्या टेबलावर बसली होती. कानाला हेडफोन, समोर खटक्यांची पाटी, आणि पलीकडून ओरडणारे लोक. "तिथे कोणी माणूस आहे का?" — म्हणजे पुरुष. "माणूसच बोलतोय. तक्रार सांगा." मग एकेक तपासायचं. फोनचा डबा ठीक? जिन्यातली वायर? कोपऱ्यावरची पेटी? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही, नाहीतर बिघाड कुठे होता ते जन्मात कळत नाही. हे तिनं नव्या मुलींना शिकवलं होतं. आणि संध्याकाळी घरी आल्यावर इस्त्री बिघडलेली असली की नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचा, ती टॉर्च धरायची. तो चुकीचा स्क्रू काढतोय हे मला कळायचं. दर वेळी कळायचं. आणि मी टॉर्च धरून उभी राहायचे, हात अवघडला तर दुसऱ्या हातात घ्यायचे...

तिनं पिशवी ओढली. फाटली. रिमोट हातात किती छोटा वाटला.

टीव्हीच्या कागदांवर मदतीचा नंबर होता. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली, एका सुरात. अडचण ऐकून घेतली आणि विचारलं, "मॅडम, घरात दुसरं कोणी आहे का? मुलगा वगैरे? त्यांना फोन देता का?"

"तुझ्यापुढे पायऱ्यांची यादी असेल ना?"

"...हो."

"मग वाच. मी करते."

"टीव्ही बंद करून —"

"रिमोटनं नाही, प्लगच काढला. पाच मिनिटांनी लावला. फोनवर इंटरनेट नीट चालतंय, तारीख-वेळही बरोबर आहे. पुढे?"

मुलगी हसली. आणि आवाज एकदम माणसाचा झाला. "तुम्ही हेच काम करत होतात का हो?"

"हेच. फक्त तेव्हा आम्हाला संगीत लावता येत नव्हतं."

सेटिंग, मग स्टोरेज. तिथे लाल पट्टी, काठोकाठ. जागाच नाही. टीव्हीत जागा लागते हे तिला ठाऊक नव्हतं, पण आता कळलं, आणि कळल्यावर ते इतकं साधं होतं की तिला राग आला. मुलगी म्हणाली, "नको ती ॲप्स काढा, मग बिघडलेलं काढून पुन्हा घाला. आणि मॅडम... जमेल तुम्हाला." तिनं फोन ठेवला. 'जमेल' हा शब्द या घरात तिला उद्देशून शेवटचा कुणी उच्चारला होता?

नातवाचे गाड्यांचे खेळ काढले. नवऱ्याची बातम्यांची सहा ॲप्स, सहाही एकाच बातमीवर ओरडणारी, ती काढली. तरी पट्टी लालच. शेवटी उरलं बुद्धिबळ, सगळ्यांत जड. आजारपणात तो दिवसभर तेच खेळायचा. एकदा तिनं विचारलं होतं, मलाही शिकवा ना. "तुझं डोकं नाही चालायचं यात," म्हणाला — प्रेमानं म्हणाला, हेच तर वाईट. उघडलं. अर्धा डाव तसाच. खाली लिहिलेलं : तुमची चाल.

ती बराच वेळ बघत राहिली. मग डावातून बाहेर आली आणि ते काढून टाकलं. खात्री आहे का, असं पडद्यानं विचारलं. आहे.

आता रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. आला तो राग, चाळीस वर्षांचा, चांगला खणखणीत; मेलेल्या माणसावर रागावू नये हे ठाऊक असूनही आला. आणि त्याच्यामागोमाग, आश्चर्य म्हणजे, सडकून भूक.

पट्टी उतरली. बिघडलेलं ॲप काढून पुन्हा घेत असताना मुलाचा फोन आला.

"आई, हात नाही ना लावलास?"

"लावला."

"अगं! आता सगळं बिघडवून —"

"बिघडलेलंच होतं. खात्याचा पासवर्ड सांग."

"रविवारी मी येतो ना —"

"ये की. जेवायला ये. दुसरं काही ठरवायला येणार असशील तर येऊ नकोस. पासवर्ड."

हा आता वाक्य जुळवत होता आणि त्याचं जुळत नव्हतं. मग त्यानं एकेक अक्षर सांगितलं, हळू आवाजात, शाळेतल्यासारखं.

ॲप उघडलं. मिटलं नाही. पडद्यानं विचारलं, कोण बघतंय? खाली चार चेहरे : मुलगा, सून, नातू, आणि 'बाबा'. आजवर सगळं तिनं 'बाबा'मधून पाहिलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही.

कडेला अधिकचं चिन्ह होतं. तिनं ते दाबलं. रिकामी चौकट आली, नाव लिहा म्हणाली. 'आई'? — हे त्यानं लिहिलं असतं. तिनं पहिलं अक्षर घातलं, आणि पडदा पुन्हा काळा झाला.

ती हलली नाही. बघू, म्हणाली मोठ्यानं, रिकाम्या खोलीत, आणि आपलाच आवाज तिला जरा अनोळखी वाटला — बिघाडाच्या टेबलावरचा नाही, टॉर्चमागचाही नाही. कुणाचा, ते तिला लगेच ठरवायचं नव्हतं.