गोळीला अकरा दिवस सुट्टी

अख्खी गल्ली त्यांना काचकाका म्हणायची. आरशांच्या आणि खिडक्यांच्या काचा कापण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली, एकुलती एक मुलगी परदेशी. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहायचे.

एकदा जिना चढताना छातीत नुसती धडधड सुटली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "काका, ठोके वेडेवाकडे पडताहेत. अशाने हृदयात रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगाचा झटका येतो. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्या. मनाने बंद करायची नाही, सांगून ठेवते."

दोन महिने काकांनी इमानेइतबारे घेतली. मग एका दुपारी काच निसटली आणि तळहात चिरला. एरवी ते चिंधी गुंडाळून पुन्हा कामाला लागायचे. या वेळी रक्त थांबेचना. एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं. एका हाताने दुसरा दाबत ते फरशीवर बसून राहिले. पूर्वी असं झालं की बायको हात मांडीवर ओढून घ्यायची आणि वर बडबडायची, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

अर्ध्या तासाने रक्त थांबलं. भीती थांबली नाही. आपण असेच पडून राहिलो तर कळणार कोणाला? त्यांनी गोळ्या कपाटात टाकल्या त्या टाकल्याच.

"बाबा, गोळी घेता ना?" मुलीने फोनवर विचारलं.

"घेतो की!"

अकराव्या दिवशी शाळेतल्या बाई आरसा न्यायला आल्या. काका माप सांगायला गेले, तर शब्दच सापडेना. हातातली मोजपट्टी गळून पडली.

"अहो काका, तोंड वाकडं झालंय तुमचं!" बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

वेळेत पोचले म्हणून निभावलं. वाचा परतली, पण अडखळत. उजव्या हाताची पकड मात्र गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच काकांना जास्त लागलं.

"कापलं तर घट्ट दाबून धरायचं, नाहीच थांबलं तर सरळ इकडे यायचं. निदान मला विचारायचं तरी!"

"विचारायची... सवय... नाही राहिली," काका म्हणाले.

मुलगी धावत आली. खोटं बोललो, हे त्यांनी तिला स्वतःहून सांगितलं. ती नुसती त्यांच्या शर्टाची बटणं लावत राहिली. पंधरा दिवसांनी तिला परत जावंच लागलं.

आता काका सकाळी गोळी घेतात आणि पेपर उघडतात. जीभ सुटायला रोज मोठ्याने वाचा, असं त्यांना सांगितलंय. दुकानाचं दार उघडं ठेवून ते कालच्या सामन्याची बातमी वाचतात, एकेक शब्द जुळवत. कुणी दारात ऐकायला थांबलंच, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.