लाल्याचा फोटो

भागाबाईच्या कुत्र्यानं अंडी खाल्ली, असं मी तापीच्या काठावर चारचौघांत बोललो. बोललो कसला, ओरडलो. फिरायला आलेली आठ-दहा माणसं होती, टरबूज घ्यायला आलेला जीवराम रिक्षावाला होता, आणि कमरेत वाकून वेल सारखे करणारी भागाबाई होती.

मी भुसावळचा रिटायर्ड गार्ड. अडतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून पुढे-मागे बघण्यात गेली. दुसऱ्याला दिसत नाही ते गार्डाला दिसलं पाहिजे, असं मी नव्या पोरांना ऐकवायचो. रिटायर झालो तेव्हा माझ्या मुलीनं, मेघानं, कॅमेरा घेऊन दिला. तेव्हापासून सकाळी सहाला रेल्वे कॉलनीतून निघायचं, नदीवर चालायचं आणि काठावरच्या पाखरांचे फोटो काढायचे, हा माझा नेम. बायको म्हणते, एवढ्या नेमानं देवळात गेला असतात तर देव घरी राहायला आला असता.

यंदा मार्चमध्ये वाळूच्या बेटावर नदी सुरयांची जोडी उतरली. पिवळीजर्द चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपटीला दोन टोकं. घरटं म्हणजे वाळूतला वाटीएवढा खळगा, आणि त्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत रोज एक फोटो काढायचा, असं मी ठरवलं. वेडच लागलं होतं, खोटं कशाला बोलू? घोटाभर पाणी ओलांडायचं, खळग्यापाशी गुडघे टेकायचे आणि फोटो घ्यायचा. तोवर ती दोघं डोक्यावर घिरट्या घालत कोकलायची. मी म्हणायचो, अरे बाबांनो, मी काय तुमचं खातो का?

बेटाच्या दुसऱ्या टोकाला भागाबाईची टरबुजाची वाडी. बाई शिरपूरकडची. उन्हाळ्यात नदी आटली की ती आणि तिचा नवरा अभिमन इकडे येतात, वाळूत वेल लावतात, झोपडी घालून राहतात. अभिमन माल विकायला गेला की चार-चार दिवस येत नाही. मग बाईला सोबत लाल्याची. तांबडा, थोराड कुत्रा. मागचा डावा पाय ट्रॅक्टरखाली गेलेला, तो जमिनीला टेकवायचाच नाही. तीन पायांवर लंगडत तो माझ्या मागे यायचा आणि बरोबर फोटोत घुसायचा. असे फोटो मी तिथल्या तिथे डिलीट करायचो.

बाराव्या दिवशी खळगा रिकामा. टरफलाचे चार तुकडे, बाजूला कुत्र्यासारखे ठसे. माझं डोकंच फिरलं.

"भागाबाई, तुमच्या लाल्याचं काम आहे हे! दुसरा कोण आहे इथे?"

ती उभी राहिली. हात पदराला पुसले.

"भाऊ, मना लाल्या रातभर मना खाटखाले ऱ्हास. माले सोडीसन कोठेच जात नही."

"कुत्र्याची जात ती. तुम्ही झोपल्यावर काय करतो, तुम्हाला काय ठाऊक?"

लोक हसले. जीवराम म्हणाला, "अक्का, बांधून ठेवत जा त्याला." भागाबाई पुन्हा वेलांकडे वळली. परक्या गावात झोपडी टाकून राहणारी बाई, कोणाशी भांडणार? तिसऱ्या दिवशी तिनं लाल्याला टेम्पोत घातलं आणि शिरपूरला भावाकडे पाठवून दिलं. मला एवढंच म्हणाली, "तुमना मनमा संशय शे ना? मंग तो आठे नको."

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी सुरयांनी पुन्हा अंडी घातली, या वेळी दोन. मी पुन्हा रोज जायला लागलो, आता कसली भीती? आणि नवव्या दिवशी खळगा रिकामा.

लाल्या तर नव्हता.

दुपारी घरी येऊन मी सगळे फोटो टीव्हीवर लावले, पहिल्या दिवसापासून. इतके दिवस मी फक्त अंडी बघत होतो. आता कडेची वाळू बघितली. पाण्यापासून खळग्यापर्यंत माझ्या बुटांची सरळ रांग होती, आणि त्या रांगेवर, माझ्याच पावलांत पाय ठेवत आलेले, लहान-लहान ठसे. कोल्ह्याचे. एका दिवशी घरट्यापासून दहा हातांवर थांबलेले. दुसऱ्या दिवशी सहा हातांवर. मग तीन. रोज सकाळी मी त्याला ताजी वाट आखून देत होतो. पहिल्या वेळचे फोटो काढले, तेही तसेच. चारही पाय व्यवस्थित उमटलेले. लाल्याचे चार कसे उमटतील? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला घर दाखवणारा मी.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा न घेता गेलो. भागाबाई झोपडीपुढे चूल सारवत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हणालो, "चूक माझी आहे. मी स्वतः शिरपूरला जातो आणि लाल्याला घेऊन येतो. ज्यांच्यासमोर बोललो, त्यांच्यासमोर सांगतो."

तिनं हात थांबवला नाही.

"तो तठे नही भाऊ. दुसराच दिन दोर तोडीसन निंघी गया. भाऊनी लई धुंडं." मग चुलीवर हात फिरवत म्हणाली, "आठेच येत व्हई."

शिरपूर ते भुसावळ, नदीकाठानं, तीन पायांवर. महिना होत आला होता.

फिरायला येणाऱ्यांना मी सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. जीवरामनं मान खाली घातली. त्यानं काय होणार?

मे संपत आला. धरणातून पाणी सुटणार अशी दवंडी झाली, वाड्या उठायला लागल्या. भागाबाईची झोपडी तेवढी उभी. अभिमन चिडला, तरी ती म्हणे अजून दोन दिवस. निघायच्या आदल्या सकाळी तिनं मला विचारलं, "भाऊ, तुम्ही इतला फोटू काढतस. मना लाल्याना एखादा शे का?"

चार हजार फोटो होते माझ्याकडे. बगळे, टिटव्या, शेराट्या, सुरय. घरी येऊन एकेक उघडला. लाल्या एकातही नव्हता, मीच पुसला होता. दिवे लागायच्या वेळेला एक सापडला. एक टिटवी पाण्याशी उभी, आणि तिच्या मागे ओल्या वाळूत एक रांग गेलेली. दोन पुढचे, एक मागचा. पुन्हा दोन पुढचे, एक मागचा.

तो मोठा करून छापून घेतला आणि सकाळी नेला. झोपडीचे बांबू टेम्पोत चढले होते. भागाबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला. टिटवीकडे तिनं बघितलंच नाही. एका ठशावर बोट ठेवलं, मग पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर, फोटोच्या कडेपर्यंत.

"हाऊच शे," ती म्हणाली.

मग फोटो पदराखाली घेऊन ती टेम्पोत बसली, आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत नदीकडे बघत राहिली.